धर्मपालभाऊंचं नुकसान

"जेवले नसान तुमी, म्हाईत हाये मले," म्हणत मैनाबाई झाकलेलं ताट घेऊन सरळ आत आली. "सकाळपासून तुमच्या घरात भांडं वाजलं नाही."

धर्मपाल खाटेवर उठून बसला. बडनेऱ्याच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेला एकटा माणूस. शेजारची मैनाबाई रेल्वेवाल्यांना जेवणाचे डबे पुरवायची. त्याच्याच सांगण्यावरून एका छोट्या मँगनीज खाणीच्या शेअरमध्ये तिनं साठ हजार टाकले होते, त्यांचे काल सहा हजार उरले. पोरीच्या, संध्याच्या, नर्सिंगच्या फीचे पैसे. आता ती दारात येऊन आपली इज्जत काढणार, म्हणून तो सकाळपासून अंग चोरून पडला होता.

तिनं ताट पुढ्यात ठेवलं. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, वर कच्च्या तेलाची धार.

"माह्ये साठ हजारच होते. तुमचे त किती गेले असन, भाऊ!"

त्याचा घास हातातच राहिला.

चार वर्षं तो फलाटावरच्या बाकड्यावर बसून मोबाइलमधली त्या शेअरच्या भावाची रेघ साऱ्यांना दाखवत आला होता. दहा वर्षांत चाळीसपट. रेघ चढे, तसा त्याचा आवाजही चढे. रेघ खरी होती. "म्या तवाच दहा हजार टाकले," हे तेवढं खोटं. त्यानं त्या कंपनीचा एक शेअरसुद्धा कधी घेतला नव्हता. लोक 'धर्मपालशेठ' म्हणत, चहा पाजत; तेच गोड लागायचं.

"मैनाबाई, एक सांगाचं होतं. माह्ये..."

"जेवा आंधी. संध्या म्हणे, त्या बुढ्यानं बुडवलं आपल्याले. असं झापलं म्या तिले! म्हटलं, मानूस खोटा असता त सोता काहून बुडाला असता?" तिनं आवाज खाली आणला. "खरं सांगू? तुमी बी बुडाले म्हणून धीर हाये मले. एकटीचं गेलं असतं त येडी झाली असती मी."

त्यानं घास गिळला.

"किती गेले? सांगा न. मनात नोका ठेवू."

धर्मपालनं मान खाली घातली.

"तीन लाख."

"अरे बापा!" मैनाबाई मटकन खाली बसली. कालपासून स्वतःच्या पैशांसाठी टिपूसही न गाळलेली ती बाई पदर तोंडाशी धरून हुंदके देऊ लागली, आणि दुसऱ्या हातानं त्याच्या ताटात भाकर वाढत राहिली.