काकांसकट

"टायर बदलणं म्हणजे भाकरी थापणं नव्हे, पोरी," मागच्या सीटवरून काका म्हणाले. भाकरीही मला येत नाही, हे मी सांगितलं नाही. कुंभार्ली घाटात गाडी पंक्चर झाली होती. आजच्या फेरीत काकांनी मला ड्रायव्हिंगमध्ये पास केलं, तरच उद्यापासून नोकरीवर जायला गाडी मला एकटीला मिळणार, अशी बाबांची अट होती.

"काका, उतरा."

"मी नाही उतरत. मेकॅनिकला फोन लाव."

मग मी काकांसकट गाडी जॅकवर उचलली. काका तिरके झाले, पण मतावरून हलले नाहीत. मी नट फिरवायला गेले, तर चाकच फिरायला लागलं. नट आधी सैल करायचे असतात म्हणे. काका खाली आले, नट सैल झाले, काका पुन्हा वर गेले.

डिकीतली स्टेपनी कोरी होती. दर दसऱ्याला हळदकुंकू वाहून बाबा तिला परत झाकून ठेवायचे. मी नमस्कार केला आणि तिला कामाला लावलं.

नट आवळून झाल्यावर काका चटकन उतरले. "आण चावी. आता मी चालवतो."

"तुम्ही मागेच बसा, काका. स्टेपनीची जागा तीच. गरज पडली तर काढीन."