आजोबांचा बुंधा

अंगणातल्या तोडलेल्या झाडाचा बुंधा काढायचा म्हणून मशीनवाला पाहायला आला, तर आजोबा त्यावरच ऐसपैस बसून पेपर वाचत होते.

"आत खिळे नाहीत ना? मशीनचे दाते मोडतात," त्याने आजोबांच्या सुनेला विचारलं.

ती बोलायच्या आत आजोबा म्हणाले, "डझनभर आहेत. मीच ठोकलेत."

मशीनवाल्याने त्यांना उठवून लोखंड शोधायचं यंत्र बुंध्यावरून फिरवलं. यंत्र हूं की चूं करेना.

"एकही खिळा नाही, आजोबा! उद्या सकाळी मशीन आणतो."

सकाळी मशीन सुरू करण्याआधी त्याने सवयीने पुन्हा यंत्र धरलं, तर ते ठणाणा करायला लागलं.

"म्हाताऱ्याचं ऐकतंय कोण!" आजोबा पेपरमागून म्हणाले. पेपर धरलेल्या अंगठ्याला नवी कोरी पट्टी होती.