ठेवल्याचं लायसन

"वाजतच नाही, तर लायसन कसलं?" हस्तीमलशेठनी पोस्टाच्या खिडकीत हात आपटला.

पोस्टमास्तरांनी चष्मा वर केला. नशिराबादेत पौषाची थंडी पडली होती आणि रेडिओच्या लायसनांची मुदत संपली होती. जो तो आपलं पुस्तक घेऊन आला होता. त्यात हा वाद निघाला म्हटल्यावर रांगेतलं कोणी हलेना. शेठचा एकुलता एक मुलगा श्रावणात विषमज्वरानं गेला. तेव्हापासून घरातल्या रेडिओवर पांढरं फडकं होतं आणि वर्षभर ते तसंच राहणार होतं. हे गावाला ठाऊक होतं. सरकारला मात्र ठाऊक नव्हतं, आणि शेठचा राग त्याच्यावरच होता.

"लायसन ऐकल्याचं नसतं, शेठ. ठेवल्याचं असतं," पोस्टमास्तर म्हणाले. "सायकल भिंतीला टेकवून ठेवली तरी कराचा बिल्ला लागतोच की."

मागून अभिमन शिंप्यानं तोंड घातलं. रेडिओवर सगळ्या बातम्या सरकारच्याच, तेव्हा ऐकणाऱ्यालाच सरकारनं काहीतरी द्यावं, असं त्याचं म्हणणं पडलं. एकदोघांनी माना डोलावल्या. शेठना त्या वादात रस नव्हता. दुखवट्याच्या घरात यंत्र मुकं आहे, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. नकोच असेल तर कोणाला तरी देऊन टाका आणि तसं लिहून द्या, एवढीच वाट मास्तरांनी दाखवली.

"मग देऊन टाकतो. कोणाला पाहिजे?"

मनीऑर्डर करायला आलेला सावद्याचा जीवराम पुढं झाला. त्याच्या घरी दिवाळीत वीज आली होती, आणि केळीचा पैसाही हातात खुळखुळत होता. दोन मिनिटांत सौदा झाला. शेठचा शब्द म्हणजे स्टॅम्पपेपर, असं बाजारात म्हणत. शेठ एरवी दिवेलागणीलाच घरी येत; आज दुपारचे तीनही वाजले नव्हते, तरी ते त्याला तसेच घेऊन घराकडं निघाले.

ओट्याच्या पायरीवर ते सवयीनं खोकले. सून घरात आली त्या दिवसापासून ते असेच खोकत. सासऱ्यानं खोकायचं, सुनेनं पदर ओढून आत जायचं. सासरा सुनेशी बोलत नसे, सून सासऱ्यासमोर येत नसे. आताही आत अनवाणी पावलं लगबगीनं सरकली आणि मधल्या खोलीचं दार लागलं. जतनबाई, शेठची बायको, या वेळी जैन स्थानकात सामायिकाच्या ध्यानाला बसलेल्या असत. घरात एकटी सून, राजकुंवर, होती.

जीवरामनं गोणपाट पसरलं. शेठनी फडकं काढायला हात घातला आणि हात तसाच राहिला.

रेडिओ गरम होता.

त्यांनी दुसरा हात ठेवला. फळीवरच्या पितळी डब्याला हात लावून पाहिला, तो थंडगार होता. पुन्हा रेडिओला लावला. आतले काचेचे दिवे अजून निवले नव्हते. फडक्याची घडी मात्र जशीच्या तशी होती. कोणीतरी ती रोज अशीच नीट बसवत होतं.

शेठना आधी संताप आला. दहा माणसांत आपण घसा फोडून सांगत होतो, तेव्हा इथं हे चाललं होतं. त्यांनी मधल्या दाराकडं पाहिलं. दाराच्या फटीत पांढऱ्या लुगड्याची कड दिसत होती. ती हलत नव्हती. चोवीस वर्षांची पोर पाच महिने त्या दाराआड बसली होती. जतनबाई तिच्याशी कामापुरतं बोलत, आणि ते स्वतः तर फक्त खोकत. शेठना फार वाईट वाटलं. त्यांचा हात अजून रेडिओवरच होता.

"धरू का एका बाजूनं?" जीवरामनं विचारलं.

"राहू दे."

"काबरं, शेठ?"

"पोस्टमास्तर बरोबर बोलले. लायसन ठेवल्याचं असतं. मी ठेवणार आहे."

"पोस्टात बठ्ठ्यांसमोर सबूद देला तुम्ही."

"दिला होता," शेठ म्हणाले. "मोडला. खुशाल सांग सगळ्यांना."

जीवरामनं गोणपाट गुंडाळलं आणि चहाला न थांबता तो गेला. शेठनी फडक्याची घडी पुन्हा नीट केली. सुनेला काहीतरी सांगावं असं त्यांना वाटत होतं, पण काय आणि कसं, ते सुचेना. शेवटी ते दुकानावर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं लायसन भरलं. पोस्टमास्तरांनी शिक्का मारला. अभिमन सोडणार थोडाच? मुक्या यंत्राला वाचा फुटली का, असं त्यानं चार लोकांत विचारलं. शेठनी ऐकून घेतलं. लायसनाचं पुस्तक खिशात घालून ते दुकानाकडं वळले.

दुपारी तीनच्या सुमारास ते दुकान नोकरावर सोडून घरी आले. पायरीवर पाय ठेवला, खोकायला तोंड उघडलं आणि थांबले. आतून अगदी बारीक आवाज येत होता. कोणी बाई लोकरीचा स्वेटर विणायला शिकवत होती. दोन सुलट, एक उलट. पुन्हा दोन सुलट, एक उलट. गळ्याकडं आल्यावर टाके कसे कमी करायचे, ते ती सावकाश सांगत होती, समोर बसून सांगावं तसं.

शेठ पाऊल वाजू न देता ओट्यावर बसले. गार वाऱ्यात त्यांनी उपरणं कानाला गुंडाळलं, मग एका कानावरून ते सरकवलं. समोरून जाणाऱ्या माणसानं रामराम केला, तर त्याला हातानंच गप्प केलं.

गळा झाला, बाई बाह्यांवर आली. दोन्ही बाह्या पुऱ्या होईस्तोवर शेठ बसून राहिले.

मग ते खोकले.