आभारप्रदर्शन

मॅडमच्या पुस्तकाचं कुणी कौतुक केलं की विभागप्रमुखांच्या पोटात दुखायचं. त्यांचं स्वतःचं पुस्तक अकरा वर्षं नुसतंच 'येतंय, येतंय' होतं. म्हणून 'अभिव्यक्तिस्वातंत्र्य' या चर्चासत्राला त्यांनी चारही वक्ते पुरुषच बोलावले आणि मॅडमना म्हणाले, "तुम्ही आभार माना. बायकांच्या तोंडी ते गोड वाटतं. आणि हो, दोन मिनिटांत उरका."

समारोपाचं भाषण सरांनी स्वतःच ठोकलं. एरवी पेंगणारं सभागृह टाळ्यांनी दणाणलं, सरांची छाती फुगली. मग मॅडम माइकपाशी आल्या.



"सरांचे विशेष आभार. माझ्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण त्यांनी आज छपाईतल्या चुकांसकट वाचून दाखवलं."