बिनतुपाच्या वड्या

"गाईचं दूध वासराचं असतं, आई," असं नव्या सुनेने सांगितल्यापासून मी माझ्याच घरात दही चोरून खात होते. तरी तिच्या पहिल्या नारळी पौर्णिमेला नारळाच्या वड्या केल्या, त्याही नारळाच्याच दुधात. खवा नाही, तूप नाही. देवाने तोंड लावलं तर नशीब.

सुनेने मात्र तीन फस्त केल्या. "अगदी तुपातल्यासारख्या लागतात," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोळा थापण्याआधी मी ताटाला तुपाचा हात फिरवला होता. जन्माची मेली सवय.

रडवेली होऊन मी तिला सगळं सांगितलं. ती ताट स्वतःकडे ओढत म्हणाली, "हे तुम्ही वड्या संपल्यावर सांगायचंत ना, आई."