कंघीचं फूल

"अम्मी, नेमकी कोणती?" आसिमनं आतून विचारलं.

आयशाबी भिंतीबाहेर उपड्या बादलीवर उभी होती. बोरी अरबच्या या कब्रस्तानात बाया आत जात नसत. नवरा गेल्यापासून ती या भिंतीवरूनच त्याला भेटत आली होती. खूण एकच, निजामुद्दीनच्या कबरीवर आपोआप उगवलेलं कंघीचं झुडूप. कोणी त्याला मुद्रा म्हणे, कोणी पेटारी. पिवळी फुलं लांबून दिसायची, तेवढ्यावर तिचं भागायचं.

शब-ए-बारातच्या रात्री लोक कबरींवर दुआ मागायला येतात, म्हणून त्याआधी गावातल्या पोरांनी मोठ्या हौसेनं साफसफाई केली. झुडपं सपासप कापली, कच्च्या कबरींवर नवी माती टाकली. सवाबाचं, पुण्याचं काम, त्यांना बोलणार तरी काय? निंबाखालच्या सगळ्या कबरी आता एकसारख्या दिसत होत्या. आपली खूणही गेली असेल या भीतीपोटी त्यानंतर आयशाबी भिंतीकडे फिरकलीच नव्हती.

आसिम ईदसाठी पुण्याहून आला तो अब्बांच्या नावाची संगमरवरी पाटी घेऊन. उद्या त्याची परतीची गाडी होती.

"रात्रीचं दफन होतं, अम्मी. मले काही आठवून नाही राह्यलं. निंबाच्या उजवीकडची असन. लावून टाकू?"

"लावून टाकू म्हंते! दुसऱ्याच्या कबरीवर बापाचं नाव लावतं का?"

आसिम वरमला. नव्या मातीतून हिरवं बरंच वर आलं होतं. पण ज्याला मेथी-पालक ओळखायची मारामार, त्याला त्यातलं काय कळणार?

"पिवळं फूल दिसते का कुठं?"

"नाही."

"वरून कापली असन तं फुटन. मुळासकट उपटली असन तं..." आयशाबीनं पुढचं गिळलं. "थांब जराक. असरच्या नमाजची वेळ होऊ दे."

आसिम पाटी मांडीवर घेऊन निंबाखाली बसला. ऊन कललं. असरची अजान झाली, तशी आयशाबीनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि जीव मुठीत धरून भिंतीवरून पाहिलं.

उजवीकडे काही नव्हतं. डावीकडे, पार टोकाच्या कबरीवर, वीतभर फांदीवर एक पिवळं फूल उघडलं होतं.

"ते पाह्य! ते!" ती एवढ्यानं ओरडली की बादली डगमगली. तिनं भिंत घट्ट धरली. डोळे भरून आले होते आणि हसू आवरत नव्हतं. छातीवरचा धोंडा उतरला होता.

आसिम धावत गेला आणि उशाशी खोदायला बसला.

"कडेनं खोद. मूळ तोडशीन!"

"पण मघा हे नव्हतंच, अम्मी. दोनदा पाह्यलं मी इथं."

आयशाबी बादलीवरून उतरली. भिंतीपलीकडून तिचा नुसता आवाज आला.

"दुपार टळल्याशिवाय उघडत नाही ते. तुये अब्बा तरी कधी लवकर उठले?"