वजा दोन

"पुन्हा तेच! औषध वेळेवर देत नाही तुम्ही," डॉक्टर कडाडले.

महिन्यातली ही तिसरी खेप. पोरीचा कान वाहायचा काही थांबत नव्हता. आईने पिशवीतून रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर पेनाने रेघा मारल्या होत्या, एकेका डोसाची एकेक.

"घड्याळ लावून देते हो. पण घरी सासूबाईही हेच म्हणतात, हिलाच भान नाही. आता तर आमचे हेसुद्धा म्हणायला लागलेत."

सिस्टर एरवी बाहेर काट्यापाशी असायच्या. मुलांचं वजन करायचं, केसपेपरवर लिहायचं, पेपर आत पाठवायचा. काटा दोन किलो जास्त दाखवतो, हे त्यांनी सात वर्षांपूर्वी पहिल्याच आठवड्यात ताडलं होतं. डॉक्टरांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर; सांगायला जाणार कोण? म्हणून त्या गुपचूप दोन वजा करून लिहायच्या. अकरा आले की नऊ. मनातून त्यांना त्याचा मोठा अभिमान होता.

आज पोरगी कान तपासू देईना, म्हणून डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. त्यांनी तिला घट्ट धरलं. डॉक्टरांनी कान पाहिला, चिठ्ठी ओढली आणि वजनावरून डोस काढता काढता पुटपुटले, "नऊ... नवातून दोन गेले, सात..."

सिस्टरनी झटकन वर पाहिलं.

"दोन कसले, डॉक्टर?"

"अहो, काट्याचे! दोन किलो जास्त दाखवतो तो. इतकी वर्षं त्याच्यापाशी उभ्या आहात आणि पत्ताच नाही? मी आठवणीने वजा करतो म्हणून निभावतंय."

गप्प बसलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. उद्यापासून अकराचे अकरा लिहिले की झालं. सिस्टरनी रेघांच्या बाटलीकडे पाहिलं.

"ते दोन मी आधीच काढते," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."

डॉक्टरांचं पेन थांबलं. बाहेर बाकावर कुणाचं तरी पोर खोकत होतं. त्यांनी चिठ्ठी फाडली, दुसरी घेतली आणि नऊ किलोचा डोस लिहिला.

"चूक आमची आहे, बाई," ते कसेबसे म्हणाले. "तुम्ही औषध बरोबर देत होता."

आईने चिठ्ठी हातात घेतली, पाहिली आणि परत त्यांच्यापुढे सरकवली.

"तेवढं यावर लिहून द्या. घरी दाखवायचंय."